टेकडीवर ओतलेलं पाणी

हिमालयातल्या मोहिमेला आता महिनाच उरलाय. रोज उजाडता उजाडता पाण्याने भरलेल्या दहा बाटल्या सॅकमध्ये घालून मी गावामागची टेकडी चढतो. ओझ्याचा सराव चढण्यापुरताच. उतरताना गुडघे जपायला हवेत, म्हणून माथ्यावर सगळं पाणी ओतून टाकतो. घाम गाळून वर आणायचं आणि कुणालाच नको म्हणून सांडायचं. एकट्या माणसाचे बरेचसे कष्ट असेच असतात.

आज ओतायला वाकलो, तर त्या ओल्या जागी दगडांचं आळं आणि त्यात कडुलिंबाचं इवलंसं रोप. माथ्यावर ताक विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुम्ही रोज इथंच ओतता, म्हणून लावलं."

"पण पुढच्या महिन्यापासून मी नाही. हिमालयात चाललोय."

"मग परत कधी?"

बुटांपासून दोरापर्यंत सगळ्याची यादी माझ्याकडे तयार आहे. हा प्रश्न मात्र अजून कुणी विचारला नव्हता. घरी विचारणारं कोणी नाही.

"दोन महिन्यांनी," मी म्हणालो.

"तोवर मी घालते पाणी. एक बाटली ठेवून जा, आलात की परत न्या."

उतरताना सॅकमध्ये नऊच बाटल्या वाजत होत्या.