बारीक तोंडाची चूल

कोरीट गावच्या फुलवंताबाईला चुलींचं वेड होतं. कुणा बाईला लुगड्यांचं असतं, कुणाला सोन्याचं, हिला मातीचं. दुसऱ्याच्या घरी गेली की घरच्यांची खुशाली राहिली बाजूला, आधी चुलीत डोकावणार.

पहिली जागतिक लढाई संपून काही वर्षं झाली होती. तापीकाठची जमीन कापसाखाली गेली आणि बांधावरची झाडं तुटली. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या जाळायच्या. त्या कशाबशा होळीपर्यंत पुरत. पुढे शेणाच्या गवऱ्या आणि देवाचं नाव! तरी बायकांच्या चुली म्हणजे वेशीसारखी तोंडं उघडी. अर्धा जाळ भांड्याखाली आणि अर्धा रांधणारीच्या तोंडावर. जपून जाळा म्हणून सांगता सांगता फुलवंताबाईचा घसा बसला. ऐकतंय कोण?

शेवटी तिनं बोलणं सोडलं आणि माती मळायला घेतली. शेजारची बेबीबाई स्वभावानं गरीब, म्हणून पहिला प्रयोग तिच्याच घरात. पहिल्या चुलीनं घर धुरानं काळं केलं, दुसरी तडकली. तिसरी मात्र जमली. तोंड एवढंसं, की मूठभर काटक्याच आत जाव्यात. तळ उंच, म्हणजे जाळ थेट भांड्याला लागावा. मागं भोक, त्यातून उरलेली आच वैलावर, मागच्या जोडचुलीवर, जावी आणि भाकरी होईपर्यंत डाळ शिजावी.

"हाऊ चुल्हा शे का उंदीरनं बीळ?" बाया हसल्या.

"मानूसले सांगीसन काय व्हस?" फुलवंताबाई म्हणाली. "चुल्हानं तोंड बारीक ठेवा, हात आपोआप आखडस."

आणि झालंही तसंच. बेबीबाईच्या गवऱ्या उरायला लागल्या तेव्हा हसणाऱ्याच बोलवायला आल्या. त्या उन्हाळ्यात फुलवंताबाईनं आळीतल्या घराघरात चूल घातली. स्वतःच्या घरची तेवढी राहिली होती. आज करू, उद्या करू. आणि तेवढ्यात सून गजराला दिवस गेले.

इथं सगळं अडलं. घरात पोटुशी बाई असताना चूल उकरायची नाही, पोटातल्या जिवाला धक्का बसतो, अशी रीत होती. गजराची आधीची दोन पोटातच गेलेली. एरवी कुणाचं न ऐकणारी फुलवंताबाई या एका गोष्टीला मात्र भ्याली. का नाही भिणार? नातवंडाचं तोंड बघायला तिचा जीव आसुसला होता.

"आत्याबाई, गावले नवा चुल्हा आनि आपले हाऊच भस्म्या?" गजरा हसून म्हणायची. सासू-सुनेचं मायलेकीसारखं होतं.

"पाचवी व्हवू दे माय, दुसराच दिन बदलसू."

"मंग आंगनमा दुसरा मांड ना," बेबीबाईनं सुचवून पाहिलं.

"एक घरमा दोन चुल्हा? माले घर फोडनं नही." वेगळी चूल म्हणजे वेगळं घर, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं बाया तिच्या तोंडावर म्हणत आणि ती ऐकून घेई.

श्रावणात घरची जुनी चूल आ वासून बसली. गवऱ्या भिजलेल्या, पऱ्हाट्या कधीच संपलेल्या. तापीला पूर आला की वरच्या जंगलातली लाकडं वाहत येतात आणि सारं गाव काठावर धावतं. फुलवंताबाईनं गजराला बजावलं होतं, नदीकडे फिरकायचंसुद्धा नाही. पण त्या दिवशी ती स्वतः तापानं फणफणली होती, आणि तिचा मुलगा रेवजी बाजाराला गेलेला. सासूला पेज करून द्यावी तर घरात जाळायला काडी नाही. गजरा कुणाला न सांगता गेली. एक मोळी अंगणात आणून टाकली. तेवढ्यानं ती चूल कशी भागणार? म्हणून पुन्हा गेली. ओला काठ तिच्या पायाखालून ढासळला. सांजेला खालच्या डोहात सापडली.

फुलवंताबाईनं कपाळ बडवून घेतलं. गावाच्या बायकांचे हात आखडायला शिकवले, आणि आपलं लेकरू लाकडापायी पुरात घातलं, असं ती येईल त्याला सांगत सुटली. लोक म्हणाले, रीत पाळलीस, तुझा काय दोष? त्यानं तिला अजूनच रडू यायचं.

सुतक फिटलं. रेवजी चुलीकडे बघत म्हणाला, "माय, आते बदली टाक हाऊ चुल्हा. आते घरमा कोनी पोटुशी नही."

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. शांतपणे बोलला. तिनं पहार घेतली, जुनी चूल उकरली आणि त्याच जागी बारीक तोंडाची नवी घातली. आजवर घातलेल्या सगळ्यांत ती चांगली झाली.

गजराची मोळी अंगणात वाळत पडली होती. जुन्या चुलीनं ती चार दिवसांत खाऊन टाकली असती. नव्या चुलीला ती पुरली, पुरतच राहिली. पितरं झाली, दसरा झाला, तरी संपेना. फुलवंताबाई रोज सकाळी त्यातल्या दोन काटक्या काढायची आणि चुलीपुढे बसून हुंदके देत भाकरी थापायची.