हात मांडीवर ठेवणारे गृहस्थ

मुन्शी घाटाजवळच्या पोथ्यांच्या ग्रंथालयात मी सूची सांभाळते. तिचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारं, फुकट मिळालेलं. एका सकाळी वीज जाऊन आली आणि माझ्या आधी हे काम बघणाऱ्या काकांनी आयुष्यभर खपून केलेली सूची उघडेचना. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

दुरुस्तीला रामनगरहून स्कूटरवर एक गृहस्थ आले. बाहेर पान थुंकून चूळ भरली आणि कॉम्प्युटरसमोर मलाच बसवलं. स्वतः शेजारी, दोन्ही हात मांडीवर. "दीदी, टाइप आप कीजिए." मी चुकले तरी त्यांचा हात पुढे यायचा नाही, फक्त अंगठा मांडीवर टकटक करायचा. दुपारपर्यंत सगळी सूची परत आली.

फी ऐकून मी खवचटपणे म्हटलं, "मुफ़्त की चीज़ के इतने? और सब सिखा दिया, तो दोबारा आपको बुलाएगा कौन?"

"मत बुलाइएगा," ते हसले. "बस, कोई और फँसे तो हमारा नंबर दे दीजिएगा."

तेव्हापासून त्यांना बोलवावं लागलं नाही. नंबर मात्र मी अनेकांना दिला. मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला: "काम सँभल नहीं रहा, दीदी. एक स्कूल आप देख लेंगी? फीस आपकी."

मी गेले. तिथल्या बाई घाईने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची सोडून उठल्या. मी त्यांना परत बसवलं, शेजारी स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवले. थोड्या वेळाने पाहते तर माझा अंगठा टकटक करत होता.