जिजींच्या पायाखालची माती

जिजी गेल्याचं दिरांना फोनवर सांगताना माझ्या तोंडून आधी निघालं ते, "सुटल्या बाई." पलीकडून तेही हळूच म्हणाले, "सुटली." सासूबद्दल सून असं बोलली की लोक भुवया उंचावतात. उंचावू देत. महिना होत आला, मला अजूनही मोकळंच वाटतंय...

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सासर आणि माहेर, दोन्ही बीडजवळच्या पालीचं. त्यांचा जन्म वडलांच्या वावरातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत झाला आणि नाळही तिथंच पुरली. पुढे त्या परकर नेसायच्या वयाच्या असताना ते वावर धरणाच्या पाण्याखाली गेलं. जिजींचं ठाम मत होतं, की जिथं नाळ पुरली त्या मातीला पाय लागल्याबिगर माणसाचा जीव जात न्हाई. "मग तुम्ही तर अमर झालात की जिजी," मी चिडवायचे. "हस. मास्तरीण हायेस ना, तुला काय कळतंय?" असं म्हणून त्या चुलीतलं लाकूड आत सारायच्या.

गेल्या वर्षी त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि आम्ही त्यांना बीडला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. हळूहळू जेवण सुटलं, नुसती हाडं राहिली. डॉक्टरांनी हात टेकले. मरणाचं जिजींना काही वाटत नव्हतं. भीती होती ती असंच लोंबकळत राहण्याची. "पाण्याखाली हाय गं ती माती. मी कशी जाऊ?" असं त्या माझा हात धरून विचारायच्या आणि रडायच्या. मला नाही बघवायचं ते. चिडवणं तर कधीच बंद झालं होतं.

शेवटी मी दिरांना सांगितलं, पालीहून आपल्या आत्ताच्या वावरातली घमेलंभर माती आणा, तेवढंच समाधान. त्यांनी आणली. आम्ही जिजींना पलंगाच्या कडेला धरून बसवलं आणि पाय घमेल्यात ठेवले.

"कुठली रं?" त्यांनी विचारलं.

दिरांनी मान खाजवली. "वावरात लई चिखल हाय, आई. धरणातला गाळ आणून बांधाला टाकलाय न्हवं, त्यातलीच भरली."

माझं डोकंच फिरलं. एक काम सांगितलं होतं या माणसाला! मी बोलणार, तेवढ्यात जिजींनी हात वर केला.

"धरणातली?" त्या मातीत पायाची बोटं हलवत राहिल्या... बराच वेळ. "मग ही आमचीच की गं सुमे. बाचं वावर हाय हे."

मी भूगोल शिकवते. गाळ कुठकुठल्या डोंगरांवरून वाहून येतो, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. त्या दिवशी मात्र गप्प बसले. जिजी अर्धा कप चहा प्यायल्या, खूप दिवसांनी गाढ झोपल्या, आणि दोन-चार दिवसांत सकाळच्या वेळी शांतपणे गेल्या.

नंतर पलंग, वॉकर, औषधं सगळं हलवलं. घमेलं गॅलरीतच आहे. शाळेतून आले की चपला काढून मी त्यात पाय ठेवून बसते. गार लागतं. माझा जन्म दवाखान्यातला, नाळ कुठं गेली ते आईलाही ठाऊक नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी परवा दिरांना सांगून टाकलं, "भाऊजी, माझ्या वेळीही गाळच आणा."