लाल तार आणि सातवी ओळ

वडिलांचं मुदखेडला स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापली जायची. हमालांची, अंगणवाडीताईंची, बिलोलीकडच्या वीटभट्टी मजुरांची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अंकलिपीच्या आधी मला ‘मागण्या’ हा शब्द ओळखता येत होता. मथळा नेहमी लाल शाईत असायचा, मजकूर काळ्यात. पत्रकांच्या घड्या घालता घालता वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: “शब्द तपासून घे. पत्रक वाचणारा तुला विचारायला येत नसतो, तुला नेमकं काय म्हणायचं होतं ते.”

पुढे मी नांदेडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. लिहायची सवय सुटली नाही, पण लिहिण्यावर कुणी पोसत नव्हतं. लातूरला एका पॅनल बनवणाऱ्या कंत्राटदाराकडे लागले. कारखान्यांमध्ये जाऊन पॅनल बसवायचे, तारा जोडायच्या, चालवून दाखवायचं आणि परत यायचं. मी जिथे जाईन तिथे लोक माझ्या मागे बघत, खरा वायरमन अजून यायचाय असं समजून.

आप्पा नावाच्या एका मालकाचा कारखाना लातूरच्या एमआयडीसीत मागच्या अंगाला होता. भाजके शेंगदाणे. पत्र्याच्या शेडमध्ये विजेवर तापणारा एक मोठा फिरता पिंप, त्याच्या पलीकडे दाणे निवडणाऱ्या बायकांची रांग. पिंपाशी एक मावशी बसायच्या. पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर, दोन्ही पाय सरळ पुढे पसरून. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. अकरा वर्षं त्या पिंपाशी होत्या. वास आला की हीटर बंद करायचा, दाणा दाताखाली धरून बघायचा, आणि “काढा” म्हणायचं. एवढंच त्यांचं काम, आणि पेठेत आप्पांचा माल त्याच्यावर विकला जायचा.

पिंपाला पूर्वी थर्मोस्टॅट होता. तो बिघडला तेव्हा कुणीतरी तो ‘डायरेक्ट’ केला. हा आमच्या धंद्यातला मराठवाडाभर चालणारा शब्द. फ्यूज उडतो, डायरेक्ट कर. कटआऊट पडतो, डायरेक्ट कर. ज्याने थांबवायचं, त्यालाच तार टाकून वगळायचं. मला या शब्दाची चीड आहे. मागच्या हंगामात मावशी पाणी प्यायला उठल्या, हीटर चालूच राहिला आणि पिंपालगतची पोती पेटली. त्यांनीच ती विझवली. तेव्हापासून आप्पांना तापमानाचा कंट्रोलर हवा होता. ते त्याला मीटर म्हणत.

“मीटर लागला की मावशीला निवडणीत बसवू,” आप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. मावशी समोरच होत्या.

निवडणीत मांडी घालून जमिनीवर बसावं लागतं. मावशी म्हणाल्या, “आप्पा, माझी मांडी पडत न्हाई, ठाव हाय की तुमाला.”

“मग घरी आराम करा की. वय झालं.”

मी हातातली पक्कड उगीचच पुसली. म्हणजे मी जो डबा बसवायला आले होते, तो त्यांना उठवणार होता. मला हे पत्रकासारखं स्पष्ट दिसत होतं: यंत्र, मालक, कामगार बाई. फक्त या पत्रकात तारा जोडणारी मी होते. आणि न जोडणं म्हणजे पिंप डायरेक्टच ठेवणं.

काम मी नियमाने केलं. आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आप्पा हसले, “चोर येतेत का विजेवर?” मी म्हटलं, “चोर न्हाई, चांगली माणसं येतात. काम संपलं असंल समजून चालू करतात.” टेस्टर आधी शेजारच्या चालू लाईनवर लावून तो चालतो का पाहिला, मग पॅनलमध्ये लावला. पिंपाच्या अंगाला अर्थिंग नव्हतंच. कारखान्याचा अर्थिंगचा खड्डा वापरता येण्यासारखा होता, तिथून पिंपापर्यंत जाड तार आणून घट्ट आवळली. कंट्रोलरवर हीटरचा भार थेट टाकायचा नसतो. कंट्रोलर फक्त हुकूम देतो, करंट सोडायचं काम कॉन्टॅक्टर करतो. पिंपात खुपसलेल्या सेन्सरच्या तारा हीटरच्या तारांपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेल्या. जवळून नेल्या तर आकडा नाचतो. शिवाय एक वेगळा कटआऊट बसवला, स्वतःच्या सेन्सरचा. कंट्रोलर फसला आणि फारच तापलं तर हीटर तोडणारा, आणि हाताने दाबल्याशिवाय परत न लागणारा.

“दोन दोन कामून?” आप्पांनी विचारलं.

“एक चुकलं तर दुसरं.”

“कागदावर हाय का तसं?”

आप्पांचं सगळं कागदावर चाले. शेडच्या भिंतीवर कागद चिकटवलेले: तंबाखू थुंकू नये, चप्पल बाहेर, पोती सहाच्या थराने. जे कागदावर आहे ते काटेकोर होई. जे नाही, ते आप्पांच्या लेखी नव्हतं. मी त्यांना कंट्रोलरबरोबर आलेल्या कंपनीच्या कागदावरचं चित्र दाखवलं. ते इंग्रजीत होतं, पण दोन सेन्सर दिसत होते. आप्पांनी मान डोलावली.

त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात सेन्सरच्या तारांचे रंग दिले होते. ते मी वाचले नाहीत. जोडीत एक तार पिवळी होती, एक लाल. मी लाल तार अधिकच्या खुणेला लावली. लाल म्हणजे अधिक, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. बॅटरीला ते तसं असतं, टेस्टिंगच्या पिनांना तसं असतं, आणि आमच्या घरात तर प्रश्नच नव्हता. लाल बाजू आपली, लाल बाजू बरोबर. तपासायचं काय त्यात?

कुलूप काढलं, कंट्रोलरवर एकशे साठ लावलं, पिंप भरून फिरवला. आकडा पस्तीस दाखवत होता, म्हणजे शेडमधलं तापमान. कॉन्टॅक्टर खटकन ओढला गेला, हीटर चालू झाला. तेवढ्यात आप्पांनी विचारलं, एखाद्या दिवशी हे बिघडलं आणि ऑर्डर अर्जंट असली, तर डायरेक्ट करता येईल ना?

मी पॅनलकडे पाठ केली आणि बोलायला लागले. डायरेक्ट या शब्दावर मी पंधरा मिनिटं सहज बोलू शकते. माणसाचा जीव आणि पोत्याची किंमत, असं काहीबाही त्यात असतं. निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “वायरमनीण का पुढारीण गं ही?” मला ते ऐकू आलं आणि आवडलंही. मी आणखी चढ्या आवाजात बोलू लागले.

“पोरी,” मावशी मागून म्हणाल्या.

“एक मिनिट, मावशी.”

“पोरी, तुझा डबा म्हणून राहिला गार हाय. माझं नाक म्हणून राहिलंय करपलं.”

मी वळले. कंट्रोलरवर उणे एकशे सत्तर होतं. हीटर पूर्ण चालू होता. मी हीटर बंद केला. मावशी तोवर डब्यावरून उठून पिंपाचं तोंड उघडत होत्या. फिरता पिंप चटकन रिकामा झाला आणि काळपट दाणे जमिनीवर पसरले. धूर झाला, आग लागली नाही. वेगळा कटआऊट पडला नव्हता. त्याची पाळी आग लागायच्या बेतात येते, दाणे करपताना नाही.

“उणे?” आप्पा वाकून बघत म्हणाले. “लातुरात?”

बायका हसल्या. मला तोवर कळलं होतं. दोन तारा उलट्या लागल्या की सेन्सर तापेल तसा आकडा खाली जातो. कंट्रोलरला वाटतं गारठा वाढतोय, आणि तो आणखी तापवतो. मी कागद काढून बारीक अक्षरं वाचली. या पद्धतीच्या तारेत लाल उणे असते. दुसऱ्या एका पद्धतीत अधिक असते. म्हणून तर लिहिलेलं असतं.

आप्पा म्हणाले, “म्हंजे मीटरच खराब. परत घिऊन जा ताई. मावशीला बसू दे हाय तशी. अकरा वर्षं काय वाईट चाललंय?”

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी काहीच बोलले नसते तरी चाललं असतं. डबा परत गेला असता, मावशी राहिल्या असत्या, आणि पिंपही होता तसाच डायरेक्ट राहिला असता. त्या पाण्याला उठल्या की पोती पेटतील असा. मी हातातल्या कागदाची घडी घातली.

“मीटर चांगलाय,” मी म्हटलं. “तार मी उलटी लावली. चूक माझी.”

“लाव मग सुलटी,” आप्पा म्हणाले.

पुन्हा कुलूप, पुन्हा टेस्टर. पिंप गार होऊ दिला. तारा बदलल्या आणि या वेळी पॅनलसमोरून हलले नाही. आकडा चढत गेला. एकशे साठला कॉन्टॅक्टर सुटला, हीटर बंद झाला, आणि त्याच्या आवाजासरशी मावशी म्हणाल्या, “झालं.” दाणा तोंडात टाकून त्यांनी चावला आणि आप्पांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बरोबर हाय पोरीचं.” हे त्यांनी म्हणायची गरज नव्हती.

“सोमवारपासून निवडणीत मग,” आप्पा म्हणाले. “न्हाई जमलं तर बघा तुमचं.”

काम संपलं की पॅनलच्या दाराला आतून सूचनांचा कागद लावायचा असतो. बहुतेक जण कंपनीचा इंग्रजी कागद चिकटवून मोकळे होतात. मी तो मराठीत हाताने लिहिते. मेन बंद करून कुलूप लावल्याशिवाय पॅनल उघडू नये. ओल्या हाताने बटण दाबू नये. अर्थिंगची तार काढू नये. कटआऊट पडल्यास कारण सापडल्याशिवाय परत दाबू नये. कुठलाही भाग डायरेक्ट करू नये. वर्षातून दोनदा स्क्रू आवळून घ्यावेत. या सहा ओळी मी सगळीकडे लिहिते.

त्या दिवशी सातवी लिहिली: पिंप चालू असताना वास ओळखणारा अनुभवी माणूस कायम जवळ उभा असावा, आकडा बरोबर दिसला तरी वास वेगळा आल्यास हीटर बंद करावा.

ही ओळ खरी होती. सेन्सर निसटू शकतो, तार तुटू शकते, स्क्रू ढिला होतो. कंट्रोलरला जे सांगितलं जातं त्यावर तो विश्वास ठेवतो, आणि त्याला चुकीचं सांगता येतं हे मी नुकतंच दाखवलं होतं. तरीही मी स्वतःला विचारलं, मावशींचे गुडघे वाकत असते तर मला ही ओळ सुचली असती का?

आप्पांनी चष्मा लावून साती ओळी वाचल्या. “ही शेवटची कंपनीची का तुझी?”

“माझी. आज जे झालं त्यावरनं.”

त्यांनी जमिनीवरच्या काळ्या दाण्यांकडे पाहिलं. “लावा,” म्हणाले. मग मावशींना, “कागदावर हाय म्हंजे ऱ्हावं लागंल तुमाला.”

मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि पिंपाशी गेल्या. मी हत्यारं भरली. एका पत्रकाने एका माणसाची जागा राखली, असं मनात म्हणत मी बसमध्ये बसले. वडिलांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “शब्द तपासलेस ना?” मी म्हटलं, सातच तर ओळी.

दोन महिन्यांनी पहिल्यांदा स्क्रू आवळायला गेले; नव्या जोडणीचे लवकर ढिले होतात. पिंप फिरत होता, आकडा एकशे साठाच्या आसपास होता, दाणे भाजल्याचा वास शेडभर होता. मावशी पाइपाला धरून उभ्या होत्या. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. तेलाचा डबा कुठेच दिसेना.

“मावशी, डबा कुठंय?”

“काढला की आप्पानं. हाव, पयल्याच दिवशी.”

“कामून?”

“कामून म्हणून मलाच इचार! तूच लिव्हलंस म्हणं, कायम उभं ऱ्हावं.” त्या हसल्या, पण पाइप सोडला नाही. “अकरा वर्षं बसून काम केलं. तू आलीस आन उभी केलीस.”

निवडणाऱ्या बायका खाली मान घालून हसत होत्या. मी पॅनलचं दार उघडलं. सातवी ओळ माझ्याच अक्षरात होती, तेलाने थोडी पारदर्शक झालेली. कायम जवळ उभा असावा. लिहिताना मला वाटलं होतं, ‘उभा’ हा शब्द भारदस्त आहे.

मी पेन काढलं, ‘उभा’ खोडलं आणि वर ‘हजर’ लिहिलं. मग आप्पांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला. खोडलेलं वाचलं, लिहिलेलं वाचलं.

“हजर म्हंजे बसलेलं चालतंय?”

“चालतंय.”

“मग आधीच तसं लिव्हायचं न्हाई का ताई? बाई दोन महिने उभी हाय.”

ते स्वतःच गोदामात गेले आणि डबा घेऊन आले. मावशी त्यावर टेकल्या, पाय एकेक करून पुढे पसरले आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच राहिल्या. मग नाक वर करून म्हणाल्या, “बघ गं, झालं वाटतं.” कॉन्टॅक्टर सुटल्याचा आवाज त्यानंतर आला. पिंप रिकामा झाल्यावर मी मेन बंद करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि स्क्रू आवळायला घेतले.