न भिजलेले सात वाल

सासऱ्यांचं शेत शीळफाट्याजवळ होतं. तिथे टॉवर आला आणि आम्ही डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहायला आलो. येताना त्यांनी शेतातलं एकच काहीतरी बरोबर आणलं होतं: पत्र्याच्या डब्यात राखेत घोळलेले वाल. मला हे माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

दिवस दिवस ते बाल्कनीत खुर्ची टाकून मलंगगडाकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "चार वाल लावू का गो कुंडीन?"

"वाल काय कुंडीत येतात होय? इथे कपडे वाळत घालायला जागा नाही!" माझी जीभ ही अशी. आधी सुटते, मग मी पस्तावते. ते हसले आणि पुन्हा डोंगराकडे बघू लागले.

दिवाळीनंतर माळा आवरताना तो डबा माझ्या हाती लागला. माझं माहेर घाटावरचं. आमच्याकडे खायच्या कडधान्यालाही राख लावून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. मला वाटलं, वा, घबाड सापडलं! धुतले, भिजवले, मोड आणले आणि दुपारी बाल्कनीत सोलायला बसले. ऊन कोवळं होतं. एकेक दाणा बोटांतून सुळकन निसटत होता आणि मी डुलक्या घेत घेत सोलत होते. इतकी निवांत दुपार मला पुन्हा मिळाली नाही. सात दाणे तेवढे भिजलेच नव्हते, खड्यासारखे टणक. "मरा मेल्यांनो," म्हणून मी ते वाळलेल्या मोगऱ्याच्या कुंडीत भिरकावले.

रात्री जेवताना सासऱ्यांनी बिरड्याचा पहिला घास घेतला आणि हात थांबवला.

"यो आपले शेतानचा वाल हाय."

"माळ्यावरच्या डब्यातला," मी कौतुकानं सांगितलं.

"सगला घेतलास?"

"सगळा. का हो?"

त्यांनी ताट पुढे केलं. "आनखी वाढ गो. बियान्याचा व्हता. झाला त झाला, टाकू नको."

मी वाढलं. सासरे सावकाश, एकेक दाणा वेचून जेवले. त्यांचं अख्खं शेत मी फोडणीला घातलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडत रडत बाल्कनीत गेले आणि मोगऱ्याची माती उपसायला लागले. ते मागून आले. "सात दाणे भिजलेच नव्हते, ते मी इथे भिरकावलेत," मी रडतच सांगितलं.

"ऱ्हाऊ दे, उकरू नको. न भिजनारा दाना मरत नाय. त्याला घाई नसते, एवढाच."

मग थंडी आली. पहाटे खाडीकडून धुकं यायचं, समोरच्या इमारती पुसून जायच्या, आणि चहाचा कप घेऊन आम्ही दोघं त्या कुंडीपाशी बसायचो. अर्धवट झोपेत मला वाटायचं, धुक्याखाली शेतच आहे, जिना उतरलं की पाय मातीत पडतील. एका सकाळी मातीला तडा गेला आणि मान वाकवून एक कोंब वर आला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. सातांतले तीन! वेल माझ्या कपड्यांच्या दोरीवर चढला, तेव्हा मी निमूट कपडे आत घेतले. पांढरी फुलं आली. शेंगा धरल्या. हिरवी शेंग एकही तोडली नाही, बघून तोंडाला पाणी सुटलं तरी.

होळीपर्यंत शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या. सासऱ्यांनी त्या फोडल्या, दाणे ओंजळीत घेतले आणि माझ्या पदरात ओतले.

"तू ठेव."

"मी? अहो, मीच शिजवून खाल्ले होते ना!"

"म्हनूनच. आता तू इसरनार नाय."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या होळीची राख मी वाटीभर उचलून घरी आणली.