कागदावरची टायपिस्ट

ऑफिसात तिला सगळे मुदतबाई म्हणत. कुठल्या अपिलाची मुदत कधी संपते, हे तिला तोंडपाठ. सव्वीस वर्षं ती थोरल्या वकिलांकडे होती. दाव्याचा पहिला मसुदा ती करायची, कलमं ती शोधायची, अशिलाला काय विचारायचं राहिलं तेही तीच सांगायची. थोरले वकील चष्मा कपाळावर सारून वाचायचे आणि सही करायचे. एका विधवेचं घर मुदत उलटून हातचं जाणार होतं, तेव्हा शेवटच्या दिवशी धापा टाकत कोर्टाच्या खिडकीशी हीच पोहोचली होती.

कागदावर मात्र ती टायपिस्ट, आणि तीही स्वतःच्याच सांगण्यावरून. नोकरी पक्की करताना थोरल्या वकिलांनी विचारलं होतं, पत्रात काय घालू, सेक्रेटरी की सहाय्यक? तिनं घरी विचारलं. नवऱ्याचं तोंड वाकडं झालं. सेक्रेटरी म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, आणि सहाय्यक म्हणजे हरकाम्या. सासूबाईंनीही री ओढली. टायपिस्ट बरं, हातात कला आहे असं तरी दिसतं.

"टायपिस्टच लिहा," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "काम तर तेच राहणार."

यंदा थोरल्या वकिलांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेल्यात जमा. त्यांच्या मुलानं ऑफिस एका मोठ्या फर्मच्या हवाली केलं. फर्मकडून नेमणुका बघणारी बाई यादी घेऊन आली. सहाय्यक होते तेवढे राहिले, त्यात मुदतबाईनंच हाताला धरून शिकवलेली, दोन वर्षांपूर्वी लागलेली नवखी मुलगीही. टायपिस्ट नकोत, बोललेलं आता यंत्रच टाइप करतं. बाई वाईट नव्हती. म्हणाली, तुम्ही सहाय्यकाचं काम करत होतात असं शुक्रवारपर्यंत लेखी आणा.

ती आधी वकिलांच्या मुलाकडे गेली. त्यानं हात झटकले. इतकी वर्षं आम्ही टायपिस्ट म्हणून कागद भरले, आता उलटं लिहिलं तर मीच खोटा पडेन, म्हणाला.

मग पत्राचा मसुदा करून ती थोरल्या वकिलांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं पलंगाशी खुर्ची सरकवून दिली. मुदतबाईनं पत्र वाचून दाखवलं. सहाय्यक शब्दाशी त्यांनी मान हलवली. नाही. तिनं पुन्हा वाचलं, त्यांनी पुन्हा मान हलवली. ओठ थरथरले, घशातून कसंबसं काहीतरी बाहेर आलं. बायकोनं कान जवळ नेला.

"कमी लिहिलंय, म्हणतायत."

मुदतबाईला रडू फुटलं. थोरल्या वकिलांनी डाव्या हातात पेन धरलं. रेघ वाकडीतिकडी धावत कागदाबाहेर चादरीवर गेली. असल्या सहीचं पुढे काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशीच सही असलेलं एक मृत्युपत्र कोर्टात टिकू नये म्हणून तिनंच मुद्दे काढून दिले होते.

तरी शुक्रवारी तिनं ते पत्र दिलं. बाईनं वर पाठवलं. दुपारी नकार आला.

घरी नवऱ्यानं विचारलं, "पण टायपिस्ट लिहा असं तू सांगितलंसच कशाला?" तो खरंच विसरला होता. ती कणीक मळत राहिली.

पुढच्या दोन महिन्यांत तिनं अकरा ऑफिसांचे उंबरठे झिजवले. कुणाला टायपिस्ट नको होती, आणि सहाय्यक म्हणून घ्यायला तिच्याकडे कागद नव्हता. तिनं शिकवलेली मुलगी मात्र रोज फोन करायची, कैफियतीत काय घालू, कुठलं कलम लावू. ही भाजी चिरता चिरता मुद्दे सांगायची, तेवढाच तिचा दिवस चांगला जायचा. एके दिवशी पोरीनं सांगितलं की फर्मच्या साहेबांनी तिच्या मसुद्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं.

"छान," मुदतबाई म्हणाली. "आता तुला येतंय सगळं. उद्यापासून फोन नको करूस."

मुलगी ऐकणार नाही, ताई, असं कसं म्हणता, असं विचारेल, या आशेवर मुदतबाई फोन कानाशी धरून थांबली. मुलगी बरं म्हणाली, आणि तिनं शब्द पाळला.