साखळ्या कुणी आणायच्या

आमच्या दरीतल्या नोव्हेंबरचं कौतुक मला कुणी सांगू नये. सिअ‍ॅटलकडच्या लोकांना वाटतं, हे डोंगराच्या पायथ्याशी राहतात म्हणजे यांच्या खिडकीत रोज कॅलेंडरचं चित्र. डोंगर दिसायला आधी ढग वर जावे लागतात, आणि ते उन्हाळ्याशिवाय हलत नाहीत. तोवर पाऊस. त्याला पाऊस तरी कशाला म्हणायचं? धड पडत नाही, धड थांबत नाही, दिवसभर नुसती कुरकुर. मधूनच त्याला बर्फ व्हायची हौस येते. मग भिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी अंगणात पडतं, जेवण होईस्तोवर त्याचा चिखल होतो, आणि शेजारचा गोरा म्हातारा कुंपणापाशी येऊन मला सांगतो की काय सुंदर हवा पडली आहे. मी मान हलवतो. शेजारधर्म म्हणून.

नोकरीची सगळी वर्षं मी न्यू जर्सीत, पार्सिपनीला काढली. तिथला बर्फ सरळ होता. यायचा तेव्हा गुडघाभर यायचा, आपण फावडं घेऊन गाडी उकरायची आणि ऑफिसला जायचं. रिटायर झाल्यावर चिरंजीवांच्या आग्रहाखातर इकडे आलो, पण बॉथेलला त्यांच्या घरात राहायला मी साफ नकार दिला. त्या घरात दिव्याला हाक मारावी लागते. मी मराठी उच्चारात हाक मारली की दिवा लागत नाही आणि नात हसते. म्हणून आम्ही दोघांनी इथे दरीत छोटं घर घेतलं. दुकान, लायब्ररी, डॉक्टर, देऊळ, सगळं गाडीने. बस येते, पण कुणासाठी येते ते तिलाच ठाऊक. थोडक्यात, माझी गाडी गेली की हे घर गेलं, आणि मग आम्ही दोघं जन्मभर दिव्याला हाका मारणार.

आणि तेच चिरंजीवांनी दिवाळीच्या फराळाला काढलं. चकली मोडता मोडता म्हणाले, “बाबा, या विंटरपासून ड्रायव्हिंग बंद करू या का? आमच्याकडे बेसमेंट रिकामंच आहे.”

बेसमेंट. बापाला ठेवायला.

मी म्हटलं, “तुला सायकल शिकवली कुणी?”

“तो मुद्दा नाही, बाबा. अंधारात तुम्हाला त्रास होतो. आय डॉक्टर पण बोलला होता ना काहीतरी.”

डोळ्यांचा तो डॉक्टर म्हणजे कालचं पोर. दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर वर मला सांगतो, मागचा पडदा झिजतोय, त्याला इलाज नाही, सांभाळून राहा. त्याला काय कळतंय. मी तसं बोलून दाखवलं. आमची ही शेजारीच बसली होती. तिने लाडवांचा डबा बंद केला.

हिच्याबद्दल एक सांगायला हवं. ही लग्नापासून गाडीत झोपणारी बाई. हायवेला लागलो की हिची मान कलंडलीच. न्यू जर्सीच्या हिमवादळात ट्रक आडवे झालेले असायचे आणि ही तोंड उघडं टाकून घोरत असायची. घराच्या ड्राइव्हवेत इंजिन बंद केलं की डोळे उघडायची आणि दर वेळी तेच विचारायची, “पोचलो पण?” मला त्याचा राग यायचा. एवढं जीव मुठीत धरून चालवायचं आणि बक्षीस काय, तर पोचलो पण. अलीकडे वर्षभर मात्र ती गाडीत झोपत नव्हती. म्हातारपणी झोप कमी होते, असं मी धरून चाललो होतो.

शेवटी तडजोड निघाली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या वीकेंडला मराठी मंडळाची ‘स्नो ट्रिप’ होती, घाट ओलांडून पलीकडच्या दरीत, एका मोठ्या लाकडी केबिनमध्ये. चिरंजीव म्हणाले, “जाताना घाट तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. मग ठरवू.” परीक्षाच. मी म्हटलं, ये बस.

आता या मंडळाविषयी. बर्फ बघायचा तर घरी बसून दोन आठवडे वाट बघावी, तो आपण होऊन येतो. पण यांना तो ग्रुपने बघायचा असतो. अध्यक्ष हा चाळिशीचा गृहस्थ, दिवसा कुठल्याशा कंपनीत लोकांना मॅनेज करतो आणि संध्याकाळी आम्हाला. त्याने पॉटलकसाठी फोनवर एक यादी फिरवली होती. आपलं आपण नाव घालायचं. मसालेभात कुणी, पावभाजी कुणी, पेपर प्लेट्स कुणी, कॅरमबोर्ड कुणी. आणि त्याच यादीत, पेपर प्लेट्सच्या खाली, एक ओळ होती: टायर चेन्स, म्हणजे बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या. तिच्यापुढे एका जोडप्याने नाव घातलं होतं, आणि बाकी सगळ्यांनी त्यांना अंगठे दाखवून शाबासकी दिली होती.

अख्ख्या सहलीला साखळ्यांची एक जोडी. जसा एक कॅरमबोर्ड पुरतो तशी. ही सगळी शिकलेली माणसं, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की साखळ्या प्रत्येक गाडीला आपापल्या लागतात, त्या फिरवून घेता येत नाहीत. मी यादी वाचली तेव्हाच ओळखलं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता अक्कल वाटायची सवय मी सोडून दिली आहे.

शनिवारी सकाळी आमच्या दरीत नेहमीचीच कुरकुर चालू होती. घाटाला लागलो तसे थेंब जड झाले, मग पांढरे झाले, आणि बघता बघता रस्ता दिसेनासा झाला. अर्ध्या घाटात पोलिसांनी गाड्या बाजूला घ्यायला लावल्या. साखळ्या असल्या तर लावा, नसल्या तर माघारी फिरा. आमचा सगळा तांडा तिथे ओळीने उभा राहिला. अध्यक्ष पातळ जॅकेट घालून सगळ्यांना विचारत फिरू लागला, “चेन्सवाले कुठे आहेत?”

चेन्सवाले पलीकडे पोचले होते. मसालेभात त्यांच्याकडेच होता, तेव्हा स्वयंपाकघर आधी मिळावं म्हणून ते पहाटेच निघाले, बर्फ सुरू व्हायच्या आत घाट उतरले, आणि आता केबिनमध्ये चहा पीत होते. साखळ्या त्यांच्या डिकीत होत्या. अध्यक्षाने त्यांना फोन करून चक्क विचारलं की घेऊन परत येता का.

मला हसू आवरेना. ही म्हणाली, “अहो, हसू नका, ऐकतील.” ऐकू देत की.

मी डिकी उघडली. बासमतीच्या रिकाम्या पोत्यात माझ्या साखळ्या असतात, दर हिवाळ्यात, घडी न चुकता. चटई अंथरली, पुढच्या चाकांना साखळ्या चढवल्या, गाडी थोडी पुढे घेतली, उतरून पुन्हा आवळल्या. मंडळातली निम्मी माणसं भोवती उभी राहून बघत होती, उरलेली त्याचं शूटिंग करत होती. “काका, यू आर अमेझिंग,” अध्यक्ष म्हणाला. मी म्हटलं, “पायथ्याच्या पेट्रोल पंपावर मिळतात. जा, आणा.” मग ते सगळे मुकाट खाली जाऊन साखळ्या घेऊन आले, आणि आल्यावर त्या उलट्या लावू लागले. एकाने मागच्या चाकांना लावल्या, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. शेवटी त्याही मीच लावून दिल्या. बोटं बधिर झाली, पण मजा आली हे खोटं कशाला बोलू.

घाट मी चालवला. चिरंजीव शेजारी सीटबेल्ट धरून बसले होते. दिवसाउजेडी, पांढऱ्या बर्फात, बैलगाडीच्या वेगाने, समोरच्याच्या चाकोरीत चाक ठेवून. एकदाही घसरलो नाही. ब्रेकला पाय लावायचा नाही, एवढं कळलं की पुरे. वर पोचलो तेव्हा चिरंजीवांची बेल्टवरची मूठ सुटली होती.

पलीकडच्या दरीत उतरलो तर तिथे पाऊस. आम्ही एवढा बर्फ तुडवून बर्फ बघायला गेलो, आणि केबिनच्या अंगणात पाण्याची डबकी. मुलं खिडकीला नाकं लावून “व्हेअर इज द स्नो?” म्हणून रडली. मोठ्यांनी मसालेभात खाल्ला, अंताक्षरी खेळली, आणि खिडकीबाहेरच्या पावसाचे फोटो ‘फर्स्ट स्नो’ म्हणून पाठवले. त्यातल्या एका फोटोत मी होतो, चटईवर आडवा, नुसते पाय बाहेर.

रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, “बाबा, माझं मी मागे घेतो. चालवा तुम्ही. बेसमेंट कॅन्सल.” मी पापड मोडला आणि “बरं” म्हटलं. आतून काय वाटलं ते काय सांगू. घर राहिलं. मी हिच्याकडे बघितलं. ती पावभाजी वाढत होती.

रविवारी दुपारीच निघायचं होतं. पण मराठी माणसं दारात उभी राहिली की गप्पांना खरी सुरुवात होते. उरलेल्या भाताचे डबे, डब्यांची झाकणं, पुन्हा एक ग्रुप फोटो, चपला कुणाच्या कुणी घातल्या. निघेस्तोवर चार वाजत आले. चिरंजीव आता निर्धास्त, ते सूनबाई आणि मुलांबरोबर आपल्या गाडीत बसले. माझ्या गाडीत आम्ही दोघंच.

घाटमाथ्यापर्यंत ठीक होतं. रस्ता साफ केलेला, साखळ्यांची गरज नव्हती. उतार लागला आणि अंधार पडला, आणि तो आला. बर्फ नव्हे, पाऊस. ज्याला मी इतकी वर्षं हिणवत आलो, तोच किरटा पाऊस. काळा रस्ता, त्यावर पाणी, आणि पाण्यात समोरून येणाऱ्या दिव्यांचा नुसता चुरा. लेनच्या रेषा पुसून टाकल्यासारख्या गेल्या. मी पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरले. ते वळले की मी वळायचं.

ट्रक एका एक्झिटला निघून गेला.

“थोडं डावीकडे,” ही म्हणाली. हळू आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. “आता सरळ. हं. आता उजवीकडे वळण आहे.” मी वळवली. वळण होतं. मला ते दिसलं नव्हतं. आणि तेव्हा लख्ख कळलं की ती हे आज पहिल्यांदा सांगत नाहीये. देवळातून येताना, दुकानातून येताना, वर्षभर ती रस्ता सांगत होती आणि मी ती बडबड समजून हूं हूं करत होतो. बाजूला बघितलं तर ती सीटच्या कडेवर बसलेली, एक हात डॅशबोर्डवर. मी घाबरलो. खरंच घाबरलो, आणि ते हिच्यासाठी.

पायथ्याच्या पेट्रोल पंपावर चिरंजीव मुलांना बाथरूमला घेऊन थांबले होते. मी शेजारी गाडी लावली, उतरलो आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

“तू चालव.”

“का? पाठ दुखतेय?”

“चालव म्हटलं की चालवावं. बापाची उलटतपासणी घेऊ नये.”

सूनबाई त्यांची गाडी घेऊन मुलांबरोबर पुढे गेल्या. मी मागच्या सीटवर बसलो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत मागे. डब्यांतल्या मसालेभाताचा वास येत होता. काचेवर तीच कुरकुर. चिरंजीव पोलीस परेडला निघाल्यासारखे हळू चालवत होते.

पहिला सिग्नल ओलांडायच्या आत पुढून आवाज आला. हिची मान कलंडली होती, तोंड उघडं, आणि ती घोरत होती.

घरापर्यंत तिला जाग आली नाही. ड्राइव्हवेत इंजिन बंद झालं तेव्हा तिने डोळे उघडले, पावसाकडे बघितलं आणि म्हणाली, “पोचलो पण?”

चिरंजीवांनी किल्ली माझ्यापुढे धरली. मी सीटखाली छत्री शोधत होतो. म्हटलं, “ठेव तुझ्याच खिशात.”